माहीत आहे पण होत नाही: तब्येतीच्या सवयी बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली काही वर्षं शुगर-बीपीच्या पेशंटशी बोलायचं काम करते. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि मग पेशंट माझ्या टेबलाशी येतात, "ताई आता काय खायचं आणि काय करायचं" विचारायला. नंतर फोनवर जे प्रश्न येतात ते फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत म्हणून नंबर दिलेत. औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांशीच बोला, त्यात मी पडत नाही.

१. काय खावं काय टाळावं सगळं पाठ आहे, तरी होत नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?

असं म्हणू नका हो. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज दरवेळी खाली गेलेला असतो. ठरवणं आणि करणं यात अंतर पडतं हे संशोधकांनी मोजून दाखवलंय. २००६ साली थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी ४७ प्रयोग एकत्र करून बघितलं तर लोकांचा निर्धार चांगलाच वाढवला तरी प्रत्यक्ष वागणं त्यामानाने थोडंच बदलतं. म्हणजे हे तुमच्या एकट्याचं नाही, माणसाचंच आहे.

आणि विचार करा ना, निर्धार तुम्ही सकाळी करता, पोट भरलेलं असतं, डोकं शांत असतं, आणि परीक्षा होते रात्री साडेनऊला, टीव्ही चालू, दिवसभराचा शीण, आणि फरसाणचा डबा टीपॉयवर झाकण उघडून ठेवलेला. म्हणून मी निर्धाराबद्दल फार बोलतच नाही. मी विचारते, डबा कुठे असतो?

२. हे वर्तन बदलाचं संशोधन म्हणजे नक्की काय? मोटिव्हेशनल भाषणासारखंच ना?

नाही, जवळजवळ उलटं. भाषण तुम्हाला पेटवतं आणि सोडून देतं. या शास्त्रात बघतात की अमुक एक गोष्ट माणूस का करत नाहीये, आणि अडलेलं नेमकं कुठे आहे. लंडनच्या सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आधीच्या १९ मांडण्या तपासून एक सोपी मांडणी केली, तिला कॉम-बी म्हणतात. तिचा मराठीत अर्थ एवढाच की कुठलीही गोष्ट व्हायला तीन गोष्टी लागतात: ती जमायला पाहिजे, तिची सोय पाहिजे, आणि ती करावीशी वाटली पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी गाडी अडते.

माझ्याकडे एक ताई यायच्या. तीन व्हिजिट मी त्यांना "तेल कमी करा" सांगत राहिले, त्या मान हलवत राहिल्या, रिपोर्ट तसाच. चौथ्या वेळी मी विचारलं की घरात भाजी कोण टाकतं. तर जाऊबाई टाकायच्या. ताई पहाटे शेतात जायच्या आणि आयता डबा घेऊन जायच्या, कढईला त्यांचा हातच लागत नव्हता. त्यांना तेलाची माहिती होती, इच्छाही होती, सोय नव्हती, आणि मी तीन महिने त्यांना इच्छेबद्दलच ऐकवत होते. पुढच्या वेळी जाऊबाईंना सोबत बोलावलं, घरच्या पाच जणांचं महिन्याचं तेल किती लिटर येतं ते तिघींनी बसून मोजलं, आणि मग काम सुरू झालं.

३. याने खरंच फरक पडतो का? त्यापेक्षा गोळी बरी नाही का?

फरक पडतो, आणि आपल्याकडे मोजलेलाय. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने ५३१ लोकांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये छापून आला. हे सगळे डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे लोक होते. तीन वर्षांत ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना डायबेटिस झाला, ज्यांना आहार-व्यायामात सतत साथ दिली त्यांच्यात ३९ टक्के. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिलेल्यांचा आकडाही साधारण तेवढाच आला. म्हणजे उंबरठ्यावर असताना सवयीत गोळीइतकी ताकद होती. त्याच टीमने नंतर ५३७ पुरुषांवर मोबाईलच्या एसएमएसचा प्रयोग केला, दोन वर्षांनी मेसेज मिळालेल्यांत १८ टक्के लोकांना डायबेटिस झाला आणि न मिळालेल्यांत २७ टक्के. साधे एसएमएस होते बरं का, फोटो नाहीत की व्हिडिओ नाहीत.

पण डायबेटिस किंवा बीपी आधीच असेल तर "गोळी की सवय" हा प्रश्नच चुकीचा आहे, तिथे दोन्ही लागतं. गोळी घेतेय म्हणून हरले असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रश्न १४ वाचा.

४. २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात, माझे २५ झाले तरी लागली नाही?

२१ दिवसांची गोष्ट १९६० च्या सुमाराला एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून पसरली. पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात असं त्यांनी लिहिलं होतं. चालण्याशी किंवा भाजी खाण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केलं. ९६ लोकांनी रोज एकच नवीन गोष्ट करायची, जेवणाबरोबर फळ खाणं किंवा जेवणाआधी थोडं पळणं असं काहीतरी, आणि ती किती आपोआप होतेय ते नोंदवायचं. मधला आकडा आला ६६ दिवस, आणि पसारा बघा, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला वेळ लागला. तेव्हा २५ दिवसांत सवय लागली नाही म्हणजे काही बिघडलेलं नाही, तुम्ही अजून रस्त्यात आहात. मी पेशंटला सरळ सांगते, गणपतीत सुरू केलं तर दिवाळी होऊन जाऊ द्या, मग बघू.

५. मग सुरुवात नेमकी कशी करायची?

"उद्यापासून चालणार" असं म्हणू नका. "जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन" असं म्हणा, आणि अमुकच्या जागी तुमच्या घरात रोज होणारीच गोष्ट पाहिजे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ही जेव्हा-तेव्हाची युक्ती तपासली आणि पुढे शीरन यांच्यासोबत ९४ अभ्यास एकत्र करून दाखवलं की नुसतं ठरवण्यापेक्षा याने बरंच जास्त काम होतं. २००२ चा इंग्लंडमधला एक प्रयोग मी नेहमी सांगते: विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा तरी २० मिनिटं दमदार व्यायाम करायचा होता. ज्यांना याबद्दल काहीच वाचायला दिलं नाही त्या गटात ३८ टक्क्यांनी केला. व्यायाम न केल्यास हृदयाचं काय होतं हे वाचायला दिलेल्या गटात ३५ टक्के. आणि ज्यांनी तेच वाचून वर कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे हे कागदावर लिहिलं त्यांच्यात ९१ टक्के!

आपल्याला हे नवीन नाहीये खरं तर. चातुर्मास बघा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण-वांगं बंद, कधी सुरू कधी संपणार ठरलेलं, "थोडंसं चालेल का" हा प्रश्नच नाही, आणि घरातले सगळे एकाच वेळी. ज्या काकू मला म्हणतात माझ्याने काही होत नाही त्याच काकूंनी वीस वर्षं चार-चार महिने वांग्याला हात लावलेला नसतो. तीच शिस्त मी साखरेच्या चहाला लावायला सांगते.

आता एक जवळून दाखवते. एक आजोबा, रोज न चुकता पूजा, बीपीची गोळी मात्र आठवड्यातून दोन-तीनदा राहायची. गोळी कुठे असते विचारलं तर कपाटात, वरच्या फळीवर, औषधांच्या पिशवीत, आणि पिशवीला गाठ. त्यांच्या नातीने पट्टी काढली आणि देवघरात काडेपेटीशेजारी ठेवली. उदबत्ती लावली की गोळी, एवढंच वाक्य. अलार्म नाही, काही नाही. दीड महिन्याने आले तेव्हा पट्टीतल्या रिकाम्या जागा आणि तारखा जुळत होत्या. (घरात लहान मूल असेल तर जागा उंचावरची निवडा.)

६. दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का? माझी चार हजारच होतात.

दहा हजार हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांनी काढलेला नाहीये. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि ७५०० च्या पुढे आणखी फायदा दिसत नव्हता. हे वयस्कर बायकांचं आहे, तरुणांना जसंच्या तसं लावू नका, पण चार हजारवाल्यांनी लाजायचं कारण नाही एवढं नक्की. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज जेवल्यावर दहा मिनिटं गच्चीत चाललात तरी दोन जेवणांची मिळून आठवड्याला १४० होतात की.

७. रोज लिहून ठेवायचं का? अॅप घेऊ का?

लिहायचं, हो. मिची यांनीच २००९ मध्ये आहार-व्यायामाच्या कार्यक्रमांचे १२२ निकाल एकत्र तपासले तेव्हा स्वतःची नोंद ठेवणं हे सगळ्यात उपयोगी पडलेल्या गोष्टींपैकी निघालं, त्यातही नोंदीसोबत ध्येय ठरवणं किंवा मागे वळून बघणं असं अजून काहीतरी जोडलं तर जास्त. अॅपच पाहिजे असं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी चालण्याची फुली मारा. एकच गोष्ट नोंदवा. पाच गोष्टी नोंदवायला घेतल्या की पाचव्या दिवशी वही बंद होते, हे मी इतक्या वेळा बघितलंय.

८. लग्नसराईत सगळं बिघडलं, आता परत कुठून सुरू करू? सोमवारपासून?

सोमवार कशाला, पुढच्या जेवणापासून. एक दिवस चुकल्याने बिघडत नाही, प्रश्न ४ मधल्या अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस सुटला तर सवय घडण्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. बिघडवतो तो चुकल्यानंतरचा विचार, "आता मोडलंच आहे तर होऊन जाऊ दे". दारूचं व्यसन सुटलेल्यांवर काम करणाऱ्या अॅलन मार्लाट यांनी हेच सांगितलं, एका घोटाने माणूस जेवढा परत पडत नाही तेवढा त्या घोटानंतरच्या अपराधीपणाने पडतो.

२०२१ मध्ये अमेरिकेत ६१ हजार जिम मेंबरवर ५० हून जास्त युक्त्या एकाच वेळी तपासल्या, त्यात सगळ्यात वर आली ती एक दिवस चुकवून परत येणाऱ्याला थोडंसं जास्त बक्षीस देण्याची युक्ती. मला हे फार आवडतं, बक्षीस न चुकणाऱ्याला नाही, परत येणाऱ्याला. त्यामुळे "चुकलं तर" साठीही आधीच एक जेव्हा-तेव्हा करून ठेवा: जेव्हा पंगतीत जिलेबी जास्त होईल तेव्हा रात्री फक्त ताक आणि भाकरी. शिक्षा म्हणून उपाशी राहायचं नाही. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर अजिबातच नाही, प्रश्न १३ बघा.

हं, सोमवार, पाडवा, वाढदिवस अशा दिवशी नवीन सुरुवातीचा उत्साह खरंच वाढतो, ते संशोधनात दिसलंय, त्याचा फायदा जरूर घ्या. फक्त त्याची वाट बघत चार दिवस वाया घालवू नका.

९. घरात मीठ कमी करायचंय पण सगळे नाकं मुरडतात. काय करू?

एका माणसाचं वेगळं ताट काढू नका, ते फार दिवस टिकत नाही आणि त्या माणसाला आजारी असल्यासारखं वाटत राहतं. सगळ्यांचंच हळूहळू कमी करा, काही आठवड्यांत जीभ सरावते. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, साधारण एक सपाट छोटा चमचा, त्यात सगळं आलं.

पण चमचे कोण मोजत बसणार. मी एक सोपं करायला सांगते: मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅमने रोजचे २० ग्रॅम, म्हणजे किलो ५० दिवस पुरायला पाहिजे, आणि लोणचं पापड फरसाण बाहेरून येत असेल तर त्याहून जास्त. बऱ्याच घरांत ती पिशवी महिन्याच्या आत संपते. कुणाला दोष द्यायची गरज पडत नाही, तारीख बोलते. मग कणकेतलं मीठ बंद करा, कुणाच्या लक्षातही येत नाही. ताटात वाढायचं मीठ टेबलावरून उचलून आत ठेवा. लिंबू, कोकम, हिरवी मिरची, भाजलेलं जिरं यांनी चव उभी राहते.

कमी सोडियमचं मीठ मिळतं त्याबद्दलही विचारतात. चीनमध्ये ६०० गावांत जवळजवळ २१ हजार लोकांवर त्याचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला, आणि स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यात पोटॅशियम असतं, म्हणून किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

१०. बाबा तंबाखू सोडत नाहीत. कितीही समजावलं, कॅन्सरचे फोटो दाखवले, उलट चिडतात.

फोटो त्यांच्या पुडीवरच आहे हो, २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने भरलेला असतो. रोज तीन-चार वेळा ते तो फोटो बघून चुना मळतात. त्यामुळे अजून भीती घालून काही नवीन होणार नाही. भीती तेव्हाच कामी येते जेव्हा तिच्यासोबत "हे असं करा, हे तुम्हाला जमेल" अशी वाट दाखवलेली असते, नाहीतर माणूस नजर फिरवतो.

अजून एक बघा. आंध्र प्रदेशात चित्तूर जिल्ह्यातल्या १४ गावांत साबणाने हात धुण्यासाठी एक मोहीम झाली, त्यात जंतू आणि जुलाब यावर भर नव्हताच, किळस होती आणि मुलाला चांगलं वळण लावणाऱ्या आईची गोष्ट होती. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत मोक्याच्या वेळी साबणाने हात धुणं ३७ टक्क्यांवर गेलं, बाकीच्या गावांत ६ टक्के. लोकांना जे मनापासून लागतं ते शोधायला लागतं.

आता बाबांशी कसं बोलायचं. आपण जेवढं ओढतो तेवढं समोरचा दुसरीकडे ओढतो, "सोडा" म्हटलं की ते "आमच्या आज्याने ऐंशीपर्यंत खाल्ली" म्हणणार, आणि तसं म्हणताना त्यांचंच मत त्यांना जास्त पटत जातं. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या पेशंटशी बोलताना हे ओळखलं आणि उलटी पद्धत काढली, कारणं समोरच्याच्या तोंडून यायला पाहिजेत. घरी असं करून बघा, एकांतात, ते निवांत असताना:

"बाबा, दहापैकी किती वाटतं तंबाखू सुटावी असं?"
"दोन असेल."
"दोन का? शून्य का नाही म्हणालात?"

इथे गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला बोलायची घाई होते. शून्य का नाही याचं उत्तर देताना माणूस स्वतःच सोडायची कारणं सांगायला लागतो. कुणी म्हणतं नातू जवळ येत नाही वासामुळे, कुणी म्हणतं तोंड पूर्ण उघडत नाही आता. ते शब्द लक्षात ठेवा, तेच नंतर परत त्यांना सांगा, तुमचे सांगू नका. (तोंड उघडायला त्रास होत असेल किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर मात्र बोलणं राहू द्या, आधी दाखवून घ्या.) तयारी दिसली की १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, पुडीवरच छापलेला असतो.

११. तुम्ही छोटी पावलं म्हणता, मग तंबाखू रोज एक-एक पुडी कमी करत सोडायची का? आणि दारू?

इथे छोट्या पावलांचा नियम उलटा पडतो. इंग्लंडमध्ये जवळजवळ ७०० सिगारेट ओढणाऱ्यांवर अभ्यास झाला, २०१६ चा. अर्ध्यांनी दोन आठवड्यांत कमी करत आणत सोडली, अर्ध्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम, अंगावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्यांची मदत दोघांनाही होती. चार आठवड्यांनी हळूहळूवाल्यांतले ३९ टक्के टिकले, एकदमवाल्यांतले ४९. नवीन सवय लावताना छोटं चांगलं, व्यसन सोडताना तारीख ठरवून पूर्ण बंद चांगलं. तुळशीची माळ घातल्यावर लोक दारू आणि मटण एका दिवसात सोडतात ते उगाच नाही, कुणी "आज एकच" असा आग्रहही करत नाही, माळ दिसते ना गळ्यात. हा अभ्यास सिगारेटवरचा आहे, पण चघळायच्या तंबाखूलाही मी तारीखच ठरवायला सांगते.

पण दारूचं नीट ऐका. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी प्यायल्याशिवाय हात थरथरतात, त्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. शपथ घ्यायला लावून खोलीत बंद करून ठेवू नका, कृपा करून.

१२. मी आशा आहे. घरोघरी पाच मिनिटं मिळतात. त्यात हे सगळं कसं बसवू?

सगळं नाही बसवायचं ताई. पाच मिनिटांत दोन गोष्टी करा: त्या घरात अडलंय कुठे हे एका प्रश्नाने शोधा (प्रश्न २), आणि एक जेव्हा-तेव्हा त्यांच्याच तोंडून वदवून घ्या (प्रश्न ५). निघताना "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "सासूबाईंना हे कसं सांगाल?" असं विचारा, मग कळतं काय पोचलं.

आणि कधीकधी अडचण माणसात नसतेच. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात लसीकरणाचा अभ्यास झाला, २०१० मध्ये छापला, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो त्यात होते. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के. ठरल्या दिवशी नक्की कॅम्प लागेल एवढीच व्यवस्था केली तर १८ टक्के. कॅम्पसोबत दरवेळी किलोभर डाळ आणि शेवटी थाळ्या दिल्या तर ३९ टक्के. गावातले लोक अडाणी आहेत, घाबरतात, असं म्हणून आपण मोकळे होतो, पण एवढं लांब चालून जायचं आणि नर्सबाई आलेल्या नसल्या तर एका दिवसाची मजुरी बुडते. हे वरच्या मीटिंगमध्ये तुम्हीच सांगायला पाहिजे कारण दुसरं कुणी बघितलेलं नसतं.

जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, कित्येक निरक्षर, बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांकडून घरातच नवजात बाळांची काळजी करून दाखवली, १९९९ मध्ये ते छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. तुम्ही त्याच रांगेतल्या आहात, हे मी मनापासून लिहितेय.

१३. चातुर्मास चांगला म्हणता, मग शुगरवाल्यांनी उपवास करावा का?

न खाण्याचा नियम आणि उपाशी राहणं वेगळं. "वांगं नाही" यात धोका नाही. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना दिवसभर काही न खाणं यात आहे, शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला, डोकं हलकं झालं तर उपवास तिथेच सोडायचा, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायची. आणि उलट टोक म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, एका बैठकीत एवढा स्टार्च की शुगर वर उडते. नवरात्राच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे बदलून देतात.

१४. मी बारीक आहे, दिवसभर शेतात राबतो, गोडही खात नाही, सगळं पाळलं, तरी शुगर वरच. मग काय उपयोग झाला?

तुमचा राग मी समजू शकते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं शेजारी ठेवून मोजली. आपली सरासरी २.७ किलो, त्यांची ३.५. पण आपली बाळं हातापायाने, स्नायूने लहान असूनही अंगावरची चरबी त्यामानाने टिकवून होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसात आतून चरबी असू शकते, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते. त्यामुळे वजनकाट्याऐवजी पोटाचा घेर बघा, पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही आपल्याकडची रेघ आहे.

आणि प्रश्न ३ मधला आकडा परत बघा. ज्यांनी चेन्नईत सगळी साथ मिळवून आहार-व्यायाम सांभाळला त्यांच्यातल्याही ३९ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झालाच. त्यांनी काही चुकीचं केलं म्हणून नाही. वागणं आपल्या हातात असतं, आकडा पूर्णपणे नसतो, म्हणून मी कॅलेंडरवर आकडा लिहायला सांगत नाही, चाललात का त्याची फुली मारायला सांगते. आकडा तीन महिन्यांनी डॉक्टर बघतील आणि गोळी वाढवायची असेल तर वाढवतील. तुमचं चालणं त्याने वाया जात नाही, त्याच चालण्याने बीपी, झोप, गुडघे यांना जे मिळतं ते मिळतच राहतं.

एक शेतकरी काका, असेच बारीक, अगदी तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आले होते, कॅलेंडर गुंडाळून सोबत आणलेलं. ६१ फुल्या होत्या. रिपोर्टमध्ये शुगर थोडीशीच हललेली, डॉक्टरांनी दुसरी गोळी सुरू केली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग कॅलेंडर परत गुंडाळताना म्हणाले, "ही नवीन गोळी कशाला बांधायची ताई, उदबत्तीला की चहाला?" मी म्हटलं जेवणाआधीची आहे, भाकरीच्या टोपलीला बांधा.